सर्वांत मोलाचा खेळाडू कोण?

सर्वांत उत्तम कोण आणि सर्वांत मोलाचा कोण, हे दोन प्रश्न वरवर पाहतां एकच वाटतात. परंतु खोल विचार केला असतां त्यांत पुष्कळ अंतर आहे, असें दिसून येईल. अमेरिकेंतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन ही धंदेवाईक संघांची संस्था १९५५-५६ च्या हंगामापासून ‘सर्वांत मोलाचा खेळाडू’ हा मान दरवर्षीं देत आली आहे, आणि तो कोणास मिळावा ह्याविषयीं दरवर्षीं वाद माजतो. त्यांतील एक प्रसिद्ध वाद आपण येथें पाहूं.

१९६१-६२ च्या हंगामांत फिलाडेल्फिया वॉरियर्स संघाच्या विल्ट चेंबरलेन ह्यानें दर सामन्यास सरासरी ५०.४ गुण मिळविले. २ मार्च १९६२ रोजीं तर न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध त्यानें एकट्यानें १०० गुण केले. सिनसिनाटी रॉयल्सचा ऑस्कर रॉबर्टसन ह्याची कामगिरी तिहेरी होती: दर सामन्यास सरासरी ३०.८ गुण, टोपलीवरून उसळलेला चेंडू १२.५ वेळां हस्तगत करणें. आणि सोबत्यास गुण करतां येईल असा चेंडू ११.४ वेळां पुरविणें. तिसरा, बोस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल. त्याची सरासरी अवघी १८.९ गुणांची. तरीहि मान मिळाला तो रसेल ह्यालाच!

हें कसें झालें? त्या काळीं मतें देणारे खुद्द खेळाडूच असत. रसेल समोर उभा असतां टोपलींत चेंडू टाकणें किती कठीण, हें त्यांनीं स्वतः अनुभविलें होतें. प्रतिपक्षाचा चेंडू हवेंतच अडविण्यांत तो निष्णात होता. परंतु अशा अडविलेल्या चेंडूंची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापूर्वीं होतच नसे. जें वहींत नव्हतें तें मतदारांच्या ध्यानांत होतें. शिवाय ८० सामन्यांपैकीं सेल्टिक्सनीं ६० जिंकले, वॉरियर्सनीं ४९ व रॉयल्सनीं ४३.

चेंबरलेनचा पक्षहि दुबळा नाहीं. रसेलच्या जोडीला बॉब कूझी, सॅम जोन्स ह्यांसारखे कसलेले सोबती होते. मग संघाच्या यशाचें माप एकाच्याच पदरांत कां घालावें? त्याच वर्षीं निवडलेल्या पांच जणांच्या आदर्श संघांत चेंबरलेन होता, आणि रसेलला दुसऱ्या संघांत जागा मिळाली. म्हणजे एकाच हंगामांत एक उत्तम ठरला व दुसरा मोलाचा!

१९८०-८१ पासून मतदानाचा अधिकार वृत्तपत्रकार व सामन्यांचे निवेदक ह्यांजकडे आला. प्रत्येक मतदार क्रमानें पांच नांवें लिहितो, व त्यांस अनुक्रमें १०, ७, ५, ३ व १ असे गुण मिळतात. २०१७ सालीं ओक्लाहोमा सिटीच्या रसेल वेस्टब्रुक ह्यानें रॉबर्टसनसारखीच तिहेरी सरासरी राखिली. त्याच्या संघानें ८२ पैकीं ४७ सामने जिंकले, तर प्रतिस्पर्धी जेम्स हार्डन ह्याच्या ह्यूस्टन संघानें ५५. तरी मान वेस्टब्रुकला लाभला. १९६२ सालीं जी कामगिरी पुरेशी ठरली नाहीं, तीच येथें पुरेशी ठरली. मतदार बदलले, तसें मापहि बदललें.

आमचें मत विचाराल तर १९६२ चा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. कारण ज्यांच्याशीं झुंज दिली त्यांनींच तो दिला. कोणास हें पटणार नाहीं, आणि त्यांत वावगें कांहींच नाहीं. मात्र वाद घालणाऱ्यानें आपण कोणतें माप धरलें आहे, हें आधीं सांगावें. मग कडाक्याचा वादहि भांडण होत नाहीं. आणि आपल्या शाळेच्या मैदानावर ज्याचें नांव गुणफलकावर क्वचितच झळकतें, पण ज्याच्यावांचून संघाचें पान हलत नाहीं, अशा मुलाकडे शिक्षकांचें व आईबापांचें लक्ष जावें, एवढीच आमची इच्छा आहे.