बिनटॅगची फ्रेम जाते कुठे?

दोन्ही टोकांचे दिवे हिरवे, केबल नवी, आयपी पत्ता बरोबर. तरी स्टोरेजकडून पिंगला उत्तर नाही. डेटा सेंटरमधून अशी तक्रार आली, की स्विच सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला मी आधी विचारते, "या पोर्टवर नेटिव्ह व्हीलॅन कुठला ठेवलाय?"

एकाच केबलमधून अनेक नेटवर्क वेगवेगळी चालवायची सोय म्हणजे व्हीलॅन. बॅकअपची आणि फाइलींची वाहतूक एकमेकींत मिसळू नये म्हणून प्रत्येक फ्रेमला, म्हणजे माहितीच्या पुडक्याला, 4 बाइटचा टॅग लावतात. त्याचं रूप आयईईईच्या 802.1क्यू या मानकाने 1998 मध्ये ठरवून दिलं. टॅगमधले 12 बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी असतात. त्यातून 4096 क्रमांक होतात. पहिला आणि शेवटचा राखीव, वापरायला उरतात 4094.

मग बिनटॅगची फ्रेम आली तर? ट्रंक पोर्टवर, म्हणजे अनेक व्हीलॅनची वाहतूक एकत्र नेणाऱ्या पोर्टवर, स्विच ती नेटिव्ह व्हीलॅनची धरतो. सिस्कोच्या स्विचवर तुम्ही काही बदललं नाहीत तर हा क्रमांक 1 असतो. त्याच व्हीलॅनची फ्रेम बाहेर पाठवताना स्विच सहसा टॅग लावतच नाही. घोळ होतो तो इथेच.

समजा, स्विचवर नेटिव्ह व्हीलॅन 10 आहे आणि नेटॲपच्या स्टोरेजवर ई0बी पोर्टवर कुणी 'ई0बी-10' हा व्हीलॅन तयार केला. स्टोरेज 10 चा टॅग लावून विचारणा पाठवतं, स्विच ती पुढे सोडतो, पलीकडचं यंत्र उत्तरही देतं. पण ते उत्तर स्टोरेजकडे पोचतं बिनटॅगचं. ते मूळ ई0बीच्या वाट्याला जातं आणि ई0बी-10 ला काहीच मिळत नाही. म्हणून स्विचच्या नेटिव्ह क्रमांकाचा व्हीलॅन त्या पोर्टवर करू नये, असं नेटॲपनेच सांगून ठेवलंय.

सुटका दोन प्रकारे होते. आयपी पत्ता सरळ मूळ पोर्टवर द्यायचा. नाहीतर कुठल्याही कामात नसलेला क्रमांक नेटिव्ह ठेवून 10 ची वाहतूक टॅगसह सोडायची. माझा आग्रह दुसऱ्या मार्गाचा असतो. सेटिंग राहून गेलेलं एखादं यंत्र बिनटॅग बोलू लागलं, तरी ते रिकाम्या नेटवर्कात अडकतं. लोकांच्या पगाराच्या आणि तपासण्यांच्या फाइलींपर्यंत पोचत नाही.

टॅग नसला तरी व्हीलॅन असतोच. तो स्टोरेजवाल्यांनी आणि नेटवर्कवाल्यांनी एकत्र बसून ठरवावा आणि केबल जोडण्याआधी प्रत्येक पोर्टसमोर लिहून ठेवावा.