फुप्फुसातली गुठळी कशी दिसते?

पायाच्या खोल शिरेत तयार झालेली रक्ताची गुठळी कधी सुटते, हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे जाते आणि फुप्फुसाच्या धमनीत अडकते. अचानक दम लागतो, छातीत कळ येते. छातीचा साधा एक्स-रे मात्र अनेकदा जवळजवळ नॉर्मल येतो, कारण त्यात धमनीतलं रक्त आणि गुठळी वेगळी ओळखूच येत नाही.

म्हणून सीटी अँजिओग्राफी. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध वेगाने सोडतात. अंगात ऊब पसरते, कुणाला लघवी झाल्यासारखंही वाटतं. घाबरू नये, ते लवकर ओसरतं. खरी कसोटी वेळ साधण्याची. औषध फुप्फुसाच्या धमन्यांत भरलेलं असतानाच, काही सेकंद श्वास रोखून, स्कॅन व्हावा लागतो. मग रक्त पांढरंशुभ्र दिसतं आणि गुठळी त्यात करडी पोकळी होऊन उठून दिसते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पायोपेड-२’ या अमेरिकेतल्या अभ्यासात या तपासणीने ८३ टक्के रुग्णांतली गुठळी पकडली. म्हणजे काही निसटतात; संशय दाट असेल तर डॉक्टर पायाची डॉप्लर सोनोग्राफीही करतात.

आयोडीन चालत नसेल, तर अल्प किरणोत्सारी द्रव्य वापरून हवा कुठे पोचते आणि रक्त कुठे पोचत नाही, हे ताडून पाहतात.

उठसूट स्कॅन नको. गुठळीची शक्यता कमी असेल आणि डी-डायमर ही रक्ततपासणी नॉर्मल असेल, तर सहसा स्कॅन टळतो. करावाच लागला, तर किडनीचा विकार, औषधांची ॲलर्जी किंवा गर्भारपण आधीच सांगा.