किनाऱ्यावरच्या भिंतींचं वय

२८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या व्यावसायिक वीजनिर्मितीसाठी सुरू झाल्या. बोईसर-पालघर पट्ट्यात काँक्रीटचा काळ खऱ्या अर्थाने सुरू झाला तो त्याच सुमारास. केंद्रामागोमाग कर्मचाऱ्यांची वसाहत आली, सत्तरच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहू लागली आणि कामगारांसाठी चाळी, दोन-तीन मजली इमारती, मग सोसायट्या वाढत गेल्या. या साडेपाच दशकांकडे मागे वळून पाहिलं की एक गोष्ट मनाला लागते. या पट्ट्यात आपण प्रचंड बांधलं, पण बांधलेलं जपण्याची जी सवय इथे होती, ती याच काळात हरवली.

ती सवय जुन्या घरांतच मुरलेली होती. वारली पाड्यावरचं कारवीच्या कुडाचं घर वर्षागणिक शेणामातीने लिंपावं लागे. पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारायचं, फुटकी कौलं बदलायची, विटामातीच्या भिंतीला चुना काढायचा. कामं छोटी होती, पण ती दरवर्षी होत. पाणी कुठून शिरतं आणि लाकूड कुठे कुजलंय हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे.

पक्कं बांधकामही या किनाऱ्याला नवं नव्हतं. तारापूर, शिरगाव, केळवे, माहीम, डहाणू इथे पोर्तुगीज काळातले कोट आहेत. वसईच्या मोहिमेत, १७३९ च्या जानेवारीत, चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूर घेतलं. तटाला सुरुंग लावावे लागले आणि बाजी भिवराव रेठरेकर तिथे कामी आले. त्या तटाचे मोठे भाग आजही उभे आहेत. याचं श्रेय दगडाइतकंच चुन्याचं. कळीचा चुना विरवून, वाळू घालून, घाणीत मळून लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत वर्षानुवर्षं घट्ट होत जातो. ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. बारीक तडा गेला तर पाण्याबरोबर विरघळलेला चुना त्या तड्यात पुन्हा बसतो.

म्हणूनच चुन्याच्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरणं घातक ठरतं. किल्ल्यांवर, जुन्या वाड्यांवर आणि देवळांवर ते सद्हेतूने, मजबुती यावी म्हणून केलं गेलं. पण सिमेंटमधून ओल सहज बाहेर पडत नाही. मग ती दगडातून वाट काढते, तिच्यातलं मीठ दगडाच्या पृष्ठभागाशी साचून स्फटिक बनतं आणि दगडाचे पोपडे सुटू लागतात. दरज शाबूत राहते, दगड मात्र झिजतो. पुरातत्त्वाच्या कामात चुन्याच्या बांधकामाला चुनाच वापरायचा, हा धडा आता पक्का झाला आहे. किल्ले वसई मोहिमेसारख्या दुर्गमित्रांच्या गटांनी केळव्याच्या किनाऱ्यावरच्या कोटात आणि इतरत्र वाळू, झुडपं, वड-पिंपळाची रोपं हटवण्याचं काम श्रमदानातून केलं. रोप बोटाएवढं असतानाच काढणं हीच दगडी बांधकामाची सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. मूळ तटात जाड झालं की ते उपटताना तटच ढासळतो.

काँक्रीट आलं ते मात्र निराळा समज घेऊन. एकदा बांधलं की पिढ्यान्‌पिढ्या पाहायला नको, असं लोकांना वाटलं आणि बांधणाऱ्यांनीही तसंच सांगितलं. सळई काँक्रीटमध्ये सुरक्षित राहते, कारण काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे पोलादावर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. तो थर दोन वाटांनी मोडतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची अल्कता हळूहळू कमी होते, आणि मिठातलं क्लोराइड सळईपर्यंत पोहोचून तो थर जागोजागी भेदतं. पालघरच्या किनाऱ्यावर दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या आहेत. समुद्राचा वारा आहे, चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आहे आणि तारापूरच्या पट्ट्यात रासायनिक कारखान्यांचे वायूही आहेत. त्यात खाडीची रेती न धुता वापरली, किंवा मचूळ पाण्याने माल कालवला, तर क्लोराइड पहिल्या दिवसापासून आतच असतं.

गंजलेलं पोलाद मूळच्या दुप्पट ते सहापट जागा मागतं. ती जागा नसल्याने काँक्रीट आतून फुटतं. आधी सळईच्या रेषेत तडा, मग छज्ज्याखालचे पोपडे, मग स्लॅबमधून डोकावणारी तांबूस जाळी, हा क्रम बोईसर-पालघरच्या कितीतरी जिन्यांत आणि गॅलऱ्यांत पाहायला मिळतो. १९७८ च्या भारतीय मानकात स्लॅबच्या सळईवर किमान १५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण पुरेसं धरलं जाई आणि समुद्राजवळ ते वाढवण्याची सूचना होती. २००० च्या सुधारित आयएस ४५६ मध्ये किनारी हवेसाठी किमान एम-३० दर्जाचं काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर आवरण आलं. क्षरणकारी वायूंच्या जागी एम-३५ आणि ५० मिलिमीटर. म्हणजे इथली जुनी घरं, आज आवश्यक मानलं जातं त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाचं कवच घेऊन उभी असू शकतात.

दुरुस्त्या झाल्या नाहीत असं नाही. नव्वदीपासून त्या होतच आहेत, पण बहुतेक वरवरच्या. पोपडे पाडायचे, उघडी सळई ब्रशने घासायची, सिमेंटचा गिलावा मारायचा, रंग द्यायचा. गच्ची गळली की वर पत्र्याचं छप्पर टाकायचं. पत्र्याने पाऊस अडतो हे खरं, पण आत शिरलेलं क्लोराइड जागेवरच राहतं. ठिगळाच्या बाबतीत तर उलटंच घडतं. नवा, स्वच्छ माल भरलेल्या भागातली सळई शांत होते आणि गंजाचा जोर शेजारच्या, मीठ मुरलेल्या जुन्या भागात सरकतो. म्हणून दोन-तीन पावसाळ्यांत ठिगळाच्या कडेलाच नवे तडे दिसतात आणि रहिवासी कारागिराला दोष देतात. खरी दुरुस्ती आधी तपासणीने सुरू होते: काँक्रीटची ताकद, कार्बोनेशन किती खोल गेलंय, क्लोराइड किती, सळईचा किती भाग उरलाय. मग सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट काढायचं, गंज पूर्ण साफ करायचा, कमी पडलेली सळई जोडायची, संरक्षक लेप द्यायचा, पॉलिमरयुक्त मॉर्टर किंवा मायक्रो-काँक्रीट भरायचं आणि नीट पाणी मारायचं. या कामात पाण्याची वाट बंद करणं सगळ्यात आधी येतं.

याच खाऱ्या वाऱ्यात एका कुंपणाआड वेगळी शिस्त पाळली गेली. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीखाली तारापूरच्या जुन्या अणुभट्ट्यांचं वार्धक्य आणि भूकंपक्षमता नव्याने तपासली गेली आणि २००५-०६ मध्ये त्या काही महिने बंद ठेवून सुधारणा केल्या गेल्या. तिथे वयाची नोंद ठेवणं हा कामाचाच भाग आहे. कुंपणाबाहेरच्या इमारतींच्या वाट्याला ती नोंद कधी आली नाही.

तिची गरज २०१८ च्या नोव्हेंबरपासून उघड झाली. डहाणू-तलासरी भागात धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ रिश्टरचा होता. हलक्या कुडाच्या घराला असा हादरा सोसणं सोपं असतं. कच्च्या विटांच्या भिंतींना तडे गेले आणि माणसं रात्री तंबूत झोपली. गंजलेल्या सळईच्या इमारतीला असे लहान लहान धक्केही परवडत नाहीत.

त्यानंतरचा आघात भूकंपाशिवायच आला. २०२५ च्या ऑगस्टअखेर, मध्यरात्री, विरारमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा मागचा भाग शेजारच्या चाळीवर कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. इमारत अनधिकृत होती आणि वीस वर्षांचीही नव्हती. महानगरपालिकांचा कायदा स्ट्रक्चरल ऑडिटची सक्ती करतो ती तीस वर्षांनंतर. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी तपासणी सांगतात, पण ते नोंदणीकृत संस्थेपुरतेच. बोईसरसारख्या, ग्रामपंचायतीच्या कारभारात शहराएवढ्या वाढलेल्या गावातल्या बैठ्या चाळी, भाड्याच्या खोल्या आणि बिगरनोंदणीच्या इमारती यांपैकी कशातच बसत नाहीत.

या मागोव्यातून माझ्यापुरता निष्कर्ष स्वच्छ आहे. किनारी पट्ट्यात पहिली तपासणी पंधराव्या वर्षी, मालकी किंवा नोंदणी कशीही असली तरी सक्तीने व्हायला हवी. प्रत्येक इमारतीची एक वही असावी: नकाशे, रेती कुठली, काँक्रीटचा दर्जा, गळती कधी व कुठे, दुरुस्ती कोणत्या मालाने केली. सिडकोने बांधलेलं पालघरचं जिल्हा मुख्यालय २०२१ मध्ये सुरू झालं. त्या इमारतींपासून ही वही जिल्हा प्रशासनाने उघडावी आणि मग शाळा, दवाखाने, सोसायट्या, चाळींपर्यंत न्यावी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला आपल्या डोक्यावरच्या स्लॅबचं वय आणि प्रकृती कळण्याचा हक्क आहे, आणि ती वही ठेवायचा खर्च कोसळलेल्या एका जिन्याहून कितीतरी कमी आहे.