रेनकोट टाकून देण्यापूर्वी



रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. नेमके त्याच दिवसांत सरीत तुंबलेले पाणी काढायला चर मोकळे करावे लागतात, शिवाय भाताची लावणी असतेच. पूर्वी इरलं असे. बांबूचा सांगाडा, वर पाने. वाकून काम करताना डोके-पाठ झाके आणि घामही कोंडत नसे. आता रेनकोट. तो दोन पावसाळ्यांत आतून ओला लागू लागला की आपण म्हणतो, "गळतोय, टाका." पण पुष्कळदा तो गळत नसतो.

नायलॉनच्या रेनकोटला आतून पातळ लेप असतो, तो पाणी अडवतो. बाहेरून कापडावर वेगळी प्रक्रिया केलेली असते, तिच्यामुळे थेंब अळूच्या पानावरून घरंगळावा तसा घरंगळतो. ही बाहेरची प्रक्रिया चिखलाने, घामाने आणि उसाच्या करवती पात्याने घासून जाते. मग कापड पाणी पिते, जड आणि गार पडते, आणि आपलाच घाम आतून त्यावर धरतो. आपल्याला वाटते पाऊस आत आला!

तांब्याभर पाणी बाहेरून ओतून बघा. पाणी पसरून मुरले तर प्रक्रिया मंदावली आहे. आतला लेप पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर मात्र त्या रेनकोटचा नाद सोडावा.

आधी तो कोमट पाण्यात थोड्या सौम्य साबणाने धुवा. धुण्याची पावडर नको. ती कापडात राहिली की उलट पाणी ओढून घेते. म्हणून साध्या पाण्याने दोन-तीनदा खळबळा, पिळू नका, सावलीत वाळवा. नंतर आतल्या पट्टीवर इस्त्रीची खूण असेल तरच, वर सुती फडके ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवावी. उरलेली प्रक्रिया उबेने पुन्हा जागी होते. तरीही थेंब घरंगळला नाही, तर गिर्यारोहणाचे सामान विकणाऱ्या दुकानात फवारायचे जलरोधक द्रव्य मिळते. ते फ्लोरीनविरहित घ्यावे, कारण जुन्या फ्लोरीनयुक्त द्रव्यांचे अंश माती-पाण्यात वर्षानुवर्षे कुजत नाहीत.

प्लॅस्टिकच्या रेनकोटला यातले काहीच लागू नाही. तो शिवणीत किंवा चिरेतून गळतो. तिथे ठिगळच लावायचे. सुती कॅनव्हासवर मेण घासून उन्हात मुरवले तर चांगले काम होते, फक्त असे कापड चुलीपासून लांब ठेवा. घोंगडीला सोडा लावू नका, लोकरीतला मूळ तेलकटपणा जातो. काहीजण जळके ऑइल चोपडतात. ते अंगाला बाधते, कापडही खराब होते.

कीटकनाशक फवारताना घालायचा रेनकोट वेगळा ठेवावा आणि घरच्या कपड्यांत धुऊ नये. पावसाळा संपल्यावर पूर्ण वाळवून खुंटीला टांगा. घडी घातली की घडीवरच लेप आधी तडकतो.