शासनाच्या कडेवर वाढलेली कंपनी

२०२५ सालच्या एप्रिलअखेरीस दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे एस. के. टेलिकॉम या कंपनीच्या दुकानांपुढे सकाळपासून लांबच लांब रांगा लागल्या होत्या. ही गर्दी नवे भ्रमणध्वनी-संच घेण्यासाठी नव्हती. जुने सिमकार्ड बदलून घेण्यासाठी होती. कंपनीच्या संगणकयंत्रणेत शिरून चोरट्यांनी सुमारे २ कोटी ३० लाख ग्राहकांच्या सिमकार्डांची माहिती पळविली होती. त्या देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या चोरीचा आवाका कळतो. शिवाय कोरियात बँकेचा व्यवहार असो की सरकारी दाखला, ‘हा मनुष्य तोच’ याची खातरजमा बहुधा भ्रमणध्वनी क्रमांकावरूनच केली जाते. तेव्हा चोरीस गेली ती नुसती माहिती नव्हे. नागरिकाची ओळखच धोक्यात आली.

या कंपनीचा इतिहास खासगी उद्यमशीलतेची यशोगाथा म्हणून वारंवार सांगितला जातो. ती गाथा अर्धीच खरी आहे. कंपनीचा जन्म १९८४ च्या मार्चमध्ये झाला तो सरकारी दूरसंचार प्राधिकरणाची उपकंपनी म्हणून. काम एकच, सोल परिसरात मोटारीत बसविलेल्या दूरध्वनींची सेवा देणे. त्या संचाची आणि जोडणीची किंमत जवळजवळ एका लहान मोटारीइतकी होती, आणि पहिल्या वर्षाअखेर ग्राहक तीन हजारही नव्हते. हातात धरून बोलण्याचा दूरध्वनी आला तो १९८८ च्या जुलैत, ऑलिंपिक सामन्यांच्या तोंडावर. ती मक्तेदारी होती, आणि तिचे जाळे उभे राहिले ते सार्वजनिक पैशातून.

पुढे खासगी क्षेत्राला दार उघडण्याचे ठरले. १९९२ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या कंपनीसाठीचा परवाना सनक्यॉन्ग उद्योगसमूहाच्या पदरात पडला. अडचण एवढीच की, समूहप्रमुखांचे चिरंजीव हे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रो ते-वू यांचे जावई होते! गदारोळ झाला आणि आठवड्याभरातच परवाना परत करावा लागला. तथापि १९९४ च्या जानेवारीत सरकारी कंपनीचे समभाग विक्रीस निघाले, तेव्हा याच समूहाने लिलावात सुमारे २३ टक्के हिस्सा ४२,७१० कोटी वॉनला घेतला. लिलावाची वार्ता पसरल्याने भाव भडकले होते आणि समूहाने महागात खरेदी केली, हे खरे. परंतु विकत घेतले ते काय? वर्षानुवर्षे स्पर्धकच नसलेली, तयार जाळे आणि तयार ग्राहक असलेली कंपनी. १९९७ मध्ये तिचे नाव एस. के. टेलिकॉम झाले.

कंपनीला जागतिक कीर्ती मिळवून देणारा निर्णयही मुळात शासनाचाच. युरोपने जी.एस.एम. ही पद्धत स्वीकारली होती. ती तयार होती, तावूनसुलाखून निघालेली होती. कोरियाने मात्र सी.डी.एम.ए. ही तेव्हा कोठेही व्यापारी वापरात नसलेली पद्धत राष्ट्रीय मानक म्हणून निवडली. एकाच मांडवात दहा भाषांचे लोक एकदम बोलत असावेत आणि ज्याने त्याने आपल्या भाषेतले तेवढेच वेचून घ्यावे, तसे या पद्धतीचे आहे. सर्वांचे संभाषण एकाच लहरपट्ट्यावरून जाते, आणि प्रत्येकाचा संकेत निराळा असल्याने ते वेगळे करता येते. सरकारी संशोधन संस्था ‘एट्री’ने १९९१ मध्ये अमेरिकेतील क्वालकॉमशी करार केला. काम रेंगाळू लागले तेव्हा १९९३ मध्ये सो जोंग-उक यांच्याकडे त्याची सूत्रे देण्यात आली. ते पुढे कंपनीचे प्रमुख आणि नंतर विज्ञानमंत्रीही झाले. १९९६ च्या जानेवारीत इंचन आणि बुचन या शहरांत या पद्धतीची व्यापारी सेवा सुरू झाली.

हे साहस फुकट नव्हते. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचाच्या किमतीवर सुमारे सव्वापाच टक्के स्वामित्वशुल्क क्वालकॉमला जात राहिले. उलटपक्षी सॅमसंग आणि एलजी या कंपन्यांना घरच्या मैदानावर तालीम मिळाली. २००२-०३ मध्ये रिलायन्सने हेच तंत्र भारतात आणले, तेव्हा मराठी घरांतील अनेकांच्या हाती आलेला पहिला भ्रमणध्वनी याच कोरियन कंपन्यांचा होता.

शासनाने कंपनीला जसे वाढविले, तसा तिला लगामही घातला. १९९७ मध्ये तीन नव्या कंपन्या मैदानात आल्या. एस. के. ने प्रतिस्पर्धी शिनसेगी कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा न्याय्य व्यापार आयोगाने २००० मध्ये अट घातली की, जून २००१ अखेर बाजारातील एकत्रित वाटा निम्म्याच्या आत आला पाहिजे. ग्राहक मिळविण्यासाठी धडपडणारी कंपनी नवे ग्राहक घेताना हात आखडता घेऊ लागली, असे चमत्कारिक दृश्य त्यामुळे दिसले. पुढचे पाऊल अधिक मर्मभेदी होते. या कंपनीच्या क्रमांकांचा आरंभ ०११ ने होई, आणि तो आकडा प्रतिष्ठेची खूण बनला होता. २००४ पासून नव्या क्रमांकांसाठी सर्व कंपन्यांना ०१० हा एकच आरंभ ठरला आणि क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. तरीही जुन्या क्रमांकाचा लोभ सुटेना. २०२० च्या जुलैत जुनी सेवा बंद झाली, त्याच्या किंचित आधीपर्यंत सुमारे ३ लाख ८४ हजार ग्राहक तिला चिकटून होते. काही जण न्यायालयातही गेले, पण तेथे त्यांची डाळ शिजली नाही.

सेवांची यादी मोठी आहे. फोन करणाऱ्याला घंटीऐवजी गाणे ऐकविणारी ‘कलररिंग’ २००२ मध्ये निघाली, ‘मेलन’ ही संगीतसेवा २००४ मध्ये. २०१९ च्या एप्रिलमध्ये पाचव्या पिढीची सेवा अमेरिकेच्या काही तास आधी सुरू करण्यासाठी रात्री अकराचा मुहूर्त गाठण्यात आला! मात्र घराबाहेर कंपनीची पावले अडखळली. अमेरिकेत २००६ मध्ये काढलेली ‘हेलिओ’ दोन वर्षांत विकावी लागली. हातातल्या संचावर उपग्रहामार्फत दूरदर्शन दाखविण्याची २००५ ची योजनाही २०१२ मध्ये गुंडाळली गेली. ज्या बाजारात शासनाचा हात पाठीशी नव्हता, तेथे ही कंपनी इतर कोणत्याही कंपनीसारखीच ठरली.

पैसा कोठे गेला, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडल्यावाचून राहणार नाही. २०१२ मध्ये सुमारे ३.४ लाख कोटी वॉन देऊन कंपनीने हायनिक्स हा अर्धवाहक-निर्मितीचा उद्योग घेतला. तो सौदा बुद्धिमत्तेचा ठरला, यात शंका नाही. परंतु २०२१ मध्ये कंपनीचे विभाजन झाले आणि ती गुंतवणूक एस. के. स्क्वेअर या वेगळ्या कंपनीकडे गेली. दूरध्वनी ग्राहकाच्या वाट्याला काय आले? २०२४ च्या माहितीसुरक्षा खर्चाचे आकडे पाहिले, तर उपकंपनी वगळता एस. के. टेलिकॉमचा खर्च तिच्याहून कमी ग्राहक असलेल्या केटीच्या सुमारे निम्मा होता. चौकशीत आढळले की, घातक आज्ञावली २०२१ पासूनच यंत्रणेत दडून बसली होती. २०२२ मध्ये काही संगणक बाधित झाल्याचे कंपनीला कळलेही होते, परंतु शासनाला ते कळविण्यात आले नाही. सिमकार्डाची गुप्त किल्ली प्रतिस्पर्धी कंपन्या सांकेतिक रूपात ठेवीत. येथे ती उघडीच होती.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये माहितीसंरक्षण आयोगाने कंपनीस सुमारे १३,४८० कोटी वॉनचा दंड ठोठावला. त्याआधी जुलैत, शासनाने दट्ट्या लावल्यावर, करार मोडून जाणाऱ्या ग्राहकांचे शुल्क माफ करण्यात आले होते. लाखो ग्राहक आपला जुना क्रमांक बरोबर घेऊन केटी आणि एलजी यू प्लस यांच्याकडे गेले; कंपनीचा बाजारातील वाटा चाळीस टक्क्यांखाली उतरला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केटीच्या ग्राहकांचीही फसवणूक उघड झाली. चोरट्यांनी छोटी बनावट प्रक्षेपण-केंद्रे वापरून त्यांच्या नावे परस्पर पैसे उकळले होते.