यूट्यूबवरचे गिऱ्हाईक : मोजायचे काय आणि मिळवायचे कसे?

आमच्या मालेगावच्या कापड बाजारात हल्ली ज्या दुकानात पाहावे तिथे एखादा तरुण मोबाईल उभा करून मालाची चित्रफीत काढताना दिसतो. कुणाला वाटते, यूट्यूबवर चॅनेल उघडले की घरबसल्या पैसा सुरू होतो. कुणाला वाटते, हा पोरांचा रिकामा उद्योग आहे. आमच्या मते दोन्ही समज चुकीचे आहेत. चॅनेल हे एक दुकान आहे. त्याला पागडी नाही, भाडे नाही. परंतु वेळ, मेहनत आणि सब्र यांची पुंजी लागतेच. ती कुठे लावावी आणि कुठे बुडते, हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. तो हिशेब व्यापारी बांधवांपुढे ठेवत आहोत.

आमची ठेच

लॉकडाऊनच्या काळात आमची उधारी अडकली. खेड्यांतले शिंपी आणि किरकोळ दुकानदार बाजारात येईनासे झाले. म्हणून २०२२ साली पुतण्याने दुकानाच्या नावाने चॅनेल काढायचे म्हटले तेव्हा आम्ही हो म्हटले. ताक्यांच्या चळती दाखवायच्या, मागे सिनेमाचे गाणे लावायचे आणि 'होलसेल भावात' असे मोठ्याने सांगायचे, अशा वीसेक फिती निघाल्या. पाहणारे बहुतेक घरचे आणि नात्यातले.

पुढे एका एजंटाने सांगितले, साडेतीन हजार रुपयांत एक हजार सबस्क्रायबर मिळवून देतो. पुतण्याने आम्हाला न विचारता गल्ल्यातून रक्कम दिली. आठवड्याभरात 'चाचा, हजार झाले!' म्हणत धावत आला. पुढची फीत पाहिली चौदा जणांनी. त्या हजारांतून भाव विचारणारा एकही फोन आला नाही. दोन-तीन महिन्यांत खोटी खाती गळाली आणि आकडा निम्म्याहून खाली आला. पुतण्या म्हणाला, 'बस झाले चाचा, मी सुरतला नोकरी धरतो.' आमच्या वडिलांपासून चालत आलेल्या दुकानाला पुढे सांभाळणारा हाच एक मुलगा. गेलेल्या पैशापेक्षा त्याच्या या बोलण्याचा घोर आम्हाला जास्त लागला.

त्या रात्री आम्ही त्याला एवढेच विचारले, 'बेटा, दारातून डोकावून गेलेल्याला आपण गिऱ्हाईक म्हणतो का?' तो नाही म्हणाला. मग दोघांनी बसून ही यंत्रणा मुळापासून समजून घेतली.

यंत्रणा काय पाहते?

यूट्यूब २००५ साली अमेरिकेत सुरू झाले आणि २००६ साली गूगलने ते विकत घेतले. सुरुवातीची काही वर्षे एखादी फीत किती वेळा उघडली गेली यालाच महत्त्व होते. त्यामुळे भडक चित्र आणि खोटे शीर्षक लावून माणसाला आत ओढण्याचे प्रकार वाढले. २०१२ साली कंपनीने रीत बदलली. माणूस फीत उघडून किती वेळ पाहत राहिला, हे मोजून पुढे कुणाला काय दाखवायचे ते ठरू लागले. त्यानंतर पाहणाऱ्याला ती आवडली की नाही, याच्या इतर खुणाही धरल्या जाऊ लागल्या.

याचा अर्थ व्यापारी माणसाला लगेच कळेल. डोकावणाऱ्यांपेक्षा गादीवर बसणाऱ्याची किंमत अधिक. शंभर जणांनी उघडून पाच सेकंदांत बंद केलेली फीत मागे पडते. वीसच जणांनी उघडली, पण शेवटपर्यंत पाहिली, तर ती त्यांच्यासारख्या आणखी लोकांपुढे जाते. विकत घेतलेले सबस्क्रायबर म्हणजे पैसे देऊन दारात उभी केलेली गर्दी. ती काही पाहत नाही, आणि खरे गिऱ्हाईक कोण हे ओळखण्याच्या कामातही अडथळा आणते. शिवाय असे आकडे विकत घेणे यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे. त्यात चॅनेलही जाऊ शकते.

आधी गिऱ्हाईक ठरवा

याचा धडा आमच्या गावातच आहे. नासिर शेख हे मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवत. २००० साली त्यांनी गावातली माणसे घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. या उद्योगावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट निघाला आणि २०२५ साली 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा मोठा सिनेमाही प्रदर्शित झाला. पार्लर चालवणाऱ्या माणसाला प्रेक्षक कुठे हसतो आणि कुठे उठून जातो, हे रोज डोळ्यांपुढे दिसते. त्यांनी सिनेमा काढला तो सगळ्या हिंदुस्थानसाठी नव्हे, तर यंत्रमागावर राबून सुटीच्या दिवशी करमणूक शोधणाऱ्या आपल्या माणसांसाठी, त्यांच्याच बोलीत. दुनिया नंतर आली.

आम्हीही तेच केले. आमचे गिऱ्हाईक म्हणजे तालुक्यातला शिंपी आणि घरी शिवणकाम करणारी बाई. भाषेचा प्रश्न आला. आमची शाळा उर्दू माध्यमाची, घरची बोलीही तीच. परंतु खेड्यावरचे गिऱ्हाईक मराठीत बोलते, आणि मराठी आम्हाला बाजारानेच शिकवली. म्हणून फिती मराठीत काढायचे ठरले. उच्चार थोडे इकडेतिकडे होतात. त्याचे कुणाला वाईट वाटलेले नाही.

मग माल दाखवणे कमी करून गिऱ्हाइकाच्या अडचणी सोडवायला घेतल्या. सुती कापड आणि पॉलिस्टर कसे ओळखावे? दोन धागे काढून जपून जाळून दाखवले. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. कापड आटते किती? एक मीटर मोजून रात्रभर भिजवले, वाळवले आणि कॅमेऱ्यापुढे पुन्हा मोजले. छत्तीस इंची पन्ना आणि चव्वेचाळीस इंची पन्ना असेल तर एकाच सलवार-कमीजला कापड किती कमी-जास्त लागते? हे प्रश्न आम्ही दुकानात तीस वर्षे ऐकत आलो आहोत. लोक हेच प्रश्न मोबाईलवर लिहून शोधतात. नव्या चॅनेलला कुणी नावाने ओळखत नाही. प्रश्नाच्या वाटेने मात्र अनोळखी माणूसही दारापर्यंत येतो.

पाटी, उंबरा आणि गादी

फितीचे शीर्षक आणि तिच्यावरचे चित्र, ज्याला थंबनेल म्हणतात, ही दुकानाची पाटी. यूट्यूबने स्वतः सांगितले आहे की, निम्म्या चॅनेलांच्या बाबतीत हे चित्र शंभर वेळा समोर आले तर दोन ते दहा वेळा उघडले जाते. तेव्हा शंभरात चार जण आले तरी निराश होऊ नये. पाटी स्वच्छ असावी, अक्षर मोठे असावे आणि पाटीवर जे लिहिले तेच आत मिळावे.

पहिला अर्धा मिनिट हा उंबरा. आम्ही आधी सलाम-नमस्कार, दुकानाचा इतिहास, पत्ता आणि 'सबस्क्राईब करा' यातच मिनिट घालवत असू. यूट्यूब स्टुडिओ नावाच्या मोफत ॲपमध्ये प्रेक्षक कुठल्या सेकंदाला निघून गेला त्याची रेषा दिसते. आमची रेषा तिथेच दरीसारखी कोसळलेली होती. आता पहिल्याच वाक्यात प्रश्न आणि लगेच हातात कापड. पत्ता शेवटी.

राहिली गादी. फितीखाली कुणी काही विचारले तर त्याच दिवशी उत्तर द्यावे. तोच प्रश्न तिघांनी विचारला तर त्यावर पुढची फीत काढावी. आठवड्याला एकच निघाली तरी चालेल, पण वार ठरलेला असावा. बाजाराच्या दिवशी बंद राहणाऱ्या दुकानाकडे गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

छोट्या फितींचा मोह

२०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स ही छोट्या उभ्या फितींची सोय आधी भारतात सुरू केली. नव्या माणसाला ओळख करून द्यायला त्या उपयोगी आहेत. परंतु ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू होताच तिचा एक व्ह्यू धरला जातो. बोटाने पुढे सरकवली तरी आकडा वाढतो. म्हणून शॉर्टच्या हजारो व्ह्यूजवर फुशारू नये. शॉर्ट हा कापडाचा नमुना समजावा. नमुना पाहून जो ताका मागतो तोच आपला.

कमाईचा खरा हिशेब

जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत चार हजार तास पाहणे लागते. शॉर्ट्सच्या मार्गाने जायचे तर नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज लागतात. शॉर्ट्सच्या रांगेत पाहिलेला वेळ त्या चार हजार तासांत धरत नाहीत. २०२३ पासून पाचशे सबस्क्रायबरांवर काही सोयी मिळू लागल्या, पण जाहिरातीचा वाटा त्यात नाही.

चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे. एका प्रेक्षकाने सरासरी तीन मिनिटे पाहिले तर ऐंशी हजार वेळा फिती पाहिल्या गेल्या पाहिजेत. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाच्या बावन्न फिती धरल्या तर प्रत्येकीला सुमारे पंधराशे चाळीस प्रेक्षक. हे अशक्य नाही, पण सहा महिन्यांत मालामाल करण्याचे वचन देणाऱ्यावर भरवसा ठेवू नये. एवढे झाल्यावरही लांब फितींवरच्या जाहिरातीतला पंचावन्न टक्के भाग आपला, बाकी कंपनीचा. आणि खात्यात शंभर डॉलर जमेपर्यंत रक्कम हाती येत नाही. म्हणून दुकानदाराने जाहिरातीच्या पैशाला वरकड समजावे आणि नजर आपल्या मालाच्या विक्रीवर ठेवावी.

दोन खबरदाऱ्या

पहिली, सिनेमाचे गाणे परवानगीशिवाय लावू नये. हक्कदाराने तक्रार केली तर चॅनेलवर स्ट्राईक येतो आणि नव्वद दिवसांत असे तीन आले तर चॅनेल बंद होऊ शकते. यूट्यूबच्याच संग्रहात मोफत संगीत मिळते.

दुसरी, कुलूप मजबूत ठेवावे. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे या आजींचे 'आपली आजी' हे पाककृतींचे चॅनेल लाखो लोक पाहतात. २०२० साली ते चोरट्यांनी ताब्यात घेतले होते. सुदैवाने परत मिळाले. मोबाईलवर येणाऱ्या दुसऱ्या संमतीशिवाय खाते उघडू नये, अशी दुहेरी कुलपाची सोय आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करावी आणि जाहिरात देतो म्हणून आलेली अनोळखी फाईल उघडू नये.

आज कुठे आहोत?

हजाराचा आकडा आम्ही पुन्हा गाठला, पण त्याला पावणेदोन वर्षे लागली. यूट्यूबकडून अजून मोठी रक्कम आलेली नाही. मात्र सटाणा, कळवण, चाळीसगावकडच्या शिंप्यांचे फोन येतात. 'ती आटण्याची फीत पाहिली, त्यातलेच कापड पाठवा,' असे म्हणतात. बाजारात येणे सोडलेले काही जुने गिऱ्हाईकही परत जोडले गेले. एका फितीत आमच्याच दुकानातले एक कापड जास्त आटले. पुतण्या म्हणाला, हा भाग कापून टाकू. आम्ही म्हटले, राहू दे. त्या फितीनंतर सगळ्यात जास्त ऑर्डर आल्या.

सुरतची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. दर गुरुवारी दुपारी, गर्दी कमी झाली की तो पडदा लावतो, मोजपट्टी काढतो आणि आम्हाला विचारतो, 'चाचा, या हप्त्यात गिऱ्हाइकाने काय विचारले?' चॅनेल काढू इच्छिणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने सुरुवात याच प्रश्नापासून करावी.