चुका माफ करणारं शहर

‘सिटीज : स्कायलाइन्स’ या गेममध्ये नवं शहर वसवताना पहिली दहा मिनिटं बहुतेकांची सारखीच जातात. हायवेचा एक फाटा, शेजारी नदी आणि मोकळं रान. फाट्याला रस्ता जोडायचा, नदीकाठी पंप बसवायचा, जमिनीखालून पाइप ओढत आणायचा आणि घरांसाठी हिरवी पट्टी रंगवायची. लोक राहायला येतात. मग लक्षात येतं, मैलापाणी कुठंतरी सोडायला हवं. तो पाइपही त्याच नदीत सोडला जातो. थोड्या वेळाने घरांवर आजारपणाच्या खुणा उगवतात, मागोमाग शववाहिन्या धावू लागतात. काय झालं म्हणून नदीवर जावं तर पाण्यात तपकिरी पट्टा, आणि तो वाहत वाहत थेट पंपाच्या तोंडाशी आलेला. गटार वरच्या अंगाला, पंप खालच्या अंगाला!

खेळणारा कपाळावर हात मारतो, पंप उचलून वर नेतो आणि पुन्हा कामाला लागतो. 2015 मध्ये आलेल्या या गेमवर लोकांचा जीव जडला तो असल्या चुकांपायी. पाणचक्कीजवळ थांबून खाम नदीकडे पाहिलेल्या छत्रपती संभाजीनगरकराला तर हा तपकिरी पट्टा ओळखीचाच वाटावा. शहराचं मैलापाणी वर्षानुवर्षं या नदीत मिसळत गेलं आणि अलीकडे तिच्या पुनरुज्जीवनाचं काम हाती घ्यावं लागलं.

आठ वर्षांनी, 24 ऑक्टोबर 2023 रोजी, ‘स्कायलाइन्स’चा दुसरा भाग आला. चाहत्यांनी त्याची वाट पाहिली होती, आगाऊ पैसेही भरले होते. आणि काही दिवसांतच तेच चाहते चिडले. गेम अडखळतो, महागड्या कॉम्प्युटरलाही घाम फोडतो, अशा तक्रारी तर होत्याच. पण खरं दुखणं आत होतं. या शहरात काहीही चुकवलं तरी फारसं बिघडत नव्हतं.

पाण्याविना शहर

शहर वसवण्याचा हा खेळप्रकार जन्मला तोच एका चुकार आवडीतून. अमेरिकेतला विल राइट 1984 साली एक युद्धाचा गेम तयार करत होता. हेलिकॉप्टरने बेटांवर बॉम्ब टाकायचे, असा तो मामला. बेटांवरचे रस्ते आणि कारखाने मांडताना त्याच्या लक्षात आलं, की ते उडवण्यापेक्षा मांडण्यातच जास्त मजा आहे. मग त्याने शहरांच्या वाढीबद्दल वाचायला घेतलं. जे फॉरेस्टर या अभ्यासकाने 1969 मध्ये शहराकडे एक यंत्रणा म्हणून पाहिलं होतं; घरं, रोजगार, कर आणि वस्ती एकमेकांना कशी ओढतात, याची गणितं मांडली होती. राइटने ती गणितं खेळात आणली. प्रकाशकांना प्रश्न पडला, की ज्यात कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही, तो गेम विकत कोण घेणार? अखेर जेफ ब्रॉनबरोबर त्याने मॅक्सिस ही कंपनी काढली आणि 1989 मध्ये ‘सिमसिटी’ बाजारात आली.

गंमत म्हणजे त्या पहिल्या शहरात पाणीपुरवठाच नव्हता. विजेच्या तारा ओढाव्या लागत, कर लावावा लागे, पोलीस ठाणं बांधावं लागे. नळ मात्र कुणी मागत नसे. पाणी आलं ते 1993 च्या ‘सिमसिटी 2000’मध्ये. एक बटण दाबलं की जमीन पारदर्शक व्हायची आणि खाली पाइपांचं जाळं दिसायचं. 2003 च्या ‘सिमसिटी 4’मध्ये शेजारची शहरंही एकमेकांना जोडली गेली. सकाळी एका शहरातून निघालेला नोकरदार दुसऱ्या शहरात कामाला जाऊ लागला.

अशी एकेका भागागणिक हिशेबाच्या वहीत एकेका नव्या रकान्याची भर पडत गेली. चाहत्यांना सवय लागली ती याची. नव्या भागात चित्रं देखणी असणार हे त्यांनी धरलेलंच असे. त्यांची खरी अपेक्षा असे ती आणखी एका हिशेबाची: आजवर गेमने न मोजलेलं काहीतरी आता मोजलं जाईल.

2013 : कोरडं वर्ष

ही अपेक्षा पहिल्यांदा सपशेल फोल ठरली मार्च 2013 मध्ये. मॅक्सिसची मालक असलेल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने नवी ‘सिमसिटी’ आणली आणि अट घातली, की एकट्याने खेळायचं असलं तरी इंटरनेट सतत चालू हवं. पहिल्याच दिवशी सर्व्हर कोलमडले. पैसे मोजलेले लोक स्वतःच्याच शहरात शिरण्यासाठी रांगेत उभे राहिले. भार हलका करण्यासाठी गेममधला सर्वांत जलद, ‘चित्ता’ नावाचा वेग काढून टाकावा लागला. ॲमेझॉनने काही काळ डाउनलोडची विक्री थांबवली. कंपनीने नुकसानभरपाई म्हणून दुसरा एक गेम फुकट दिला.

शहराची बरीचशी आकडेमोड सर्व्हरवर होते, म्हणून इंटरनेट लागतं, असं मॅक्सिसने सांगितलं होतं. हौशी प्रोग्रॅमरांनी गेम उघडून पाहिला तर नेट तोडल्यावरही शहर बराच वेळ मजेत चालत राहायचं. वर्षभराने, मार्च 2014 मध्ये, कंपनीनेच ऑफलाइन खेळायची सोय दिली.

याहून जिव्हारी लागलं ते दुसरंच. प्रत्येक नागरिकाचा स्वतंत्र वावर दाखवू, असा या गेमचा डंका होता. प्रत्यक्षात सकाळी घराबाहेर पडलेला माणूस वाटेत जी पहिली रिकामी नोकरी दिसेल तिथे शिरायचा आणि संध्याकाळी जे पहिलं रिकामं घर दिसेल तिथे झोपायला जायचा. रोज नवी नोकरी, रोज नवं घर! त्यात भर म्हणजे शहर मोठं होऊ लागलं, की पडद्यावरचा लोकसंख्येचा आकडा फुगवून दाखवला जायचा. गेमच्या कोडमध्ये तशी एक आज्ञाच सापडली, आणि तिच्या नावातच ‘फुगवलेली लोकसंख्या’ असं उघड लिहिलेलं होतं.

या फसलेल्या गेमने एक गोष्ट मात्र खरी मोजली होती. जमिनीखालचं पाणी. पंप लावून उपसा करत राहिलं तर भूजल संपायचं आणि भरभराटीला आलेलं शहर एका दिवशी कोरडं पडायचं. पुष्कळ खेळाडूंना हा अन्याय वाटला. मैलापाणी शुद्धीकरण केंद्राला खेटून पंप बसवायचा आणि तेच पाणी पुन्हा उचलायचं, अशी युक्तीही त्यांनी शोधली. त्याच 2013 च्या उन्हाळ्यात मराठवाडा मोठ्या दुष्काळात होता. जायकवाडी धरणाने तळ गाठला होता, बोअर आटत होते, जालना टँकरकडे डोळे लावून बसलं होतं. गेममधलं सगळ्यांत जास्त शिव्या खाल्लेलं गणित इथल्या माणसाला गेममध्ये शिकायची गरज नव्हती.

तेरा जणांचं शहर

मार्च 2015 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘सिमसिटी’चं माहेर असलेला मॅक्सिसचा एमरीव्हिलचा स्टुडिओ बंद केला. त्याच महिन्याच्या 10 तारखेला फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरातून ‘सिटीज : स्कायलाइन्स’ आला. बनवणारी कंपनी कोलोसल ऑर्डर, माणसं जेमतेम तेरा. प्रकाशक स्वीडनची पॅराडॉक्स. पहिल्या चोवीस तासांत अडीच लाख प्रती खपल्या आणि महिनाभरात दहा लाख.

या गेममधला माणूस रोज त्याच घरी परतत होता, त्याच नोकरीवर जात होता. मोठ्या रस्त्यावर एक चौक चुकला की मागे दोन किलोमीटर ट्रकची रांग लागायची, ट्रक अडकले की दुकानात माल नाही, माल नाही की दुकान बंद. खेळणाऱ्यांना स्वतःची इमारत, स्वतःचा पूल बनवून गेममध्ये घालण्याची मुभा होती. त्या हौशी कामाचा ढीग वाढत गेला. सप्टेंबर 2015 मध्ये सायकली आल्या, नंतर बर्फ, ट्राम, बगीचे, विमानतळ. 2022 पर्यंत प्रतींचा आकडा 1 कोटी 20 लाखांवर गेला.

दुसऱ्या भागाची लढत होती ती या आठ वर्षं भरत आलेल्या घराशी.

दात दिसले, खिसा दिसला नाही

ठरलेल्या तारखेच्या आधीच कंपनीने कबूल केलं होतं, की गेमचा वेग मनासारखा साधलेला नाही. कॉन्सोलची आवृत्ती पुढे ढकलली. पीसीची मात्र ठरल्या दिवशी आणली.

मग हौशी तंत्रज्ञ भिंग घेऊन बसले. त्यांना रस्त्यावर चालणाऱ्या नागरिकांच्या तोंडात दात सापडले. एकेक दात वेगळा घडवलेला. कॅमेरा आकाशात, माणूस तांदळाच्या दाण्याएवढा, तोंड मिटलेलं. तरीही लांबून पाहायची साधी, हलकी प्रतिकृती त्याच्यासाठी केलेलीच नव्हती. दातांची गोष्ट जगभर हसण्यावारी गेली. गेम अडखळण्याची कारणं अर्थात याहून पुष्कळ होती.

सायकल नव्हती. पहिल्या भागातल्या मोकळ्या व्यासपीठाऐवजी हौशी कारागिरांसाठी कंपनीचं स्वतःचं दालन येणार होतं, ते महिनोन् महिने आलं नाही. मार्च 2024 मध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या घरांचा एक संच पैसे घेऊन विकायला काढला, तेव्हा मूळ गेमच अर्धवट असताना वर हा खर्च कशाला, असा ओरडा झाला. एप्रिलमध्ये कोलोसल ऑर्डरच्या प्रमुख मारीना हालिकाइनेन आणि पॅराडॉक्सचे उपप्रमुख मातियास लिल्या यांनी जाहीर माफी मागितली. संच फुकट केला, पैसे परत देऊ केले.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. मुरलेल्या खेळाडूंचा विश्वास उडाला तो जमाखर्चावरून. शहर तोट्यात गेलं की सरकारी अनुदान आपोआप येऊन खड्डा भरून काढायचं. कर कमी ठेवा, कारखाने नका उभारू, शाळांची चळत लावा. तिजोरी काही रिकामी व्हायची नाही. मालाच्या साखळीचा केवढा गाजावाजा झाला होता, पण ती साखळी तुटली तरी दुकान चालूच. ज्या खेळात गटाराचं तोंड चुकलं तर शहर आजारी पडायचं, त्याच्या पुढच्या भागात नगरपालिका बुडवून दाखवणंही अवघड होऊन बसलं.

जून 2024 मध्ये कंपनीने अर्थव्यवस्थेची फेरमांडणी केली. अनुदान काढून टाकलं. घरभाडी अतोनात वाढत असल्याच्या तक्रारी होत्या, त्यावर तर अजबच तोडगा निघाला: गेममधून घरमालक ही जमातच हटवली आणि इमारतीचा देखभालखर्च भाडेकरूंमध्ये वाटून दिला. मुंबई-पुण्याच्या भाडेकरूंना हेवा वाटावा असा हा ठराव! नोव्हेंबर 2025 मध्ये पॅराडॉक्स आणि कोलोसल ऑर्डर यांनी वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. 2026 पासून हे शहर आइसफ्लेक या दुसऱ्या स्टुडिओच्या हाती सोपवायचं ठरलं.

मलिक अंबरचा पहिला भाग

मराठीत ‘भाग’ हा शब्द मालिकेलाही चालतो आणि वस्तीलाही. छत्रपती संभाजीनगर असं भागाभागानेच उभं राहिलेलं आहे. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली. 1626 मध्ये त्याच्या मुलाने, फतेहखानाने, तिचं फतेहनगर केलं. 1653 मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद नाव दिलं आणि 1682 मध्ये तट बांधला. विसाव्या शतकात तटाबाहेर सिडकोने एन-वन, एन-टू अशा क्रमांकांनी नवं औरंगाबाद आखलं. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. 2019 मध्ये शेंद्र्यात ‘ऑरिक’ या औद्योगिक शहराचं उद्घाटन झालं. 2001 मध्ये सुमारे पावणेनऊ लाख असलेली शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पावणेबारा लाखांवर पोहोचली.

या मालिकेचा पहिला भाग पाण्यावर उभा होता. मलिक अंबरच्या नहर-ए-अंबरी या भूमिगत कालव्याने शहराच्या उत्तरेच्या डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या चरांत गोळा केलं आणि निव्वळ उताराच्या जोरावर वस्तीत आणलं. ना मोटार, ना उपसा. वाटेत दाब सांभाळायला विटा-चुन्याचे उंच मनोरे उभारले. इथले लोक त्यांना बंबे म्हणतात. खापरी नळातून पाणी बंब्यात वर चढायचं, कोंडलेली हवा सुटायची आणि पाणी दुसऱ्या बाजूने खाली उतरून पुढे निघायचं. पाणचक्कीचं जातंही डोंगरातून असंच नळाने आणलेल्या पाण्यावर फिरायचं. जुन्या शहरात फिरताना घरांच्या गर्दीत मध्येच एखादा बंबा अजून दिसतो. कोरडा, अंगावर पिंपळ फुटलेला.

पुढच्या भागांना हा उतार पुरला नाही. आता पाणी येतं सुमारे 50 किलोमीटरवरच्या, पैठणच्या जायकवाडीतून. धरण खाली, शहर वर; म्हणजे प्रत्येक थेंब विजेवर चढवून आणायचा. वस्ती वाढत गेली, जुन्या जलवाहिन्या थकल्या आणि ‘गॅप’ हा शब्द शहराच्या बोलीत कायमचा येऊन बसला. आज पाणी आलं की पुन्हा किती दिवसांनी, तो गॅप. डिसेंबर 2020 मध्ये 1,680 कोटी रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचं भूमिपूजन झालं आणि पुढे तिचा खर्च बराच वाढला.

पाण्याचा दिवस असला की गल्लीत आधी मोटारींचा आवाज सुरू होतो. मग टाकी भरते, मग पिंपं, मग कळशा, शेवटी बादल्या आणि पातेली. कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केलेला असतो.

अशा घरातल्या कुणी संगणकावर आपलंच शहर उभारायला घेतलं, तर ‘स्कायलाइन्स’चे दोन भाग त्याला दोन तऱ्हेने वागवतात. पहिल्या भागात जालना रोड आखून झाला, की त्याखालून पाइप ओढावा लागतो; क्रांती चौकातून निघून सिडकोपर्यंत, एकेक गल्ली न विसरता. एखादा तुकडा राहिलाच तर त्या घरांवर निळ्या थेंबाची खूण लुकलुकत राहते आणि लोक सामान बांधून निघून जातात. दुसऱ्या भागात रस्त्याच्या पोटात पाइप आधीपासूनच असतो. कुठंतरी एक पंप चालू केला आणि चौकापासून सिडकोपर्यंत माउसने रेघ ओढली, की एन-वनपासून एन-बारापर्यंत सगळीकडे पाणी पोहोचतं. रोज, दिवसभर, पूर्ण दाबाने. गॅप नावाचं बटण मेनूत कुठंच नाही.